व्हार्निश मारलं आणि अख्खं पथक पांढरं पडलं

गेल्या ऑगस्टमधल्या एका रविवारी संध्याकाळी प्लॅस्टिकच्या २४ छोट्या मराठा घोडेस्वारांवर मॅट (चमक नसलेल्या) व्हार्निशचा शेवटचा हात मारला, गॅलरीत वर्तमानपत्रावर रांगेत उभे केले आणि जेवायला बसलो. जेवून येऊन बघतो तर पथकच्या पथक पिठाच्या गिरणीत रात्रपाळी करून आल्यासारखं. डाळिंबी अंगरखे गुलाबी, काळे घोडे राखाडी, आणि ज्या पगड्यांच्या घड्यांवर तीन रात्री डोळे फोडले होते त्या घड्यांत पांढरी साय. आईने बघून एवढंच विचारलं, "सगळ्यांना भस्म फासलंस का रे?"

पहिल्यांदा झालं असतं तर नशिबाला बोल लावून मोकळा झालो असतो. पण हे चौथं वर्ष होतं, आणि दर वेळी पावसाळाच. त्यामागे आमच्या खेळाचं वेळापत्रक आहे. आम्ही चौघं मित्र दरवर्षी ५ नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी खडकीची लढाई टेबलावर मांडतो. १८१७ साली त्याच तारखेला बापू गोखल्यांचं घोडदळ इंग्रजांवर चालून गेलं, दुसरे बाजीराव पर्वतीवरून बघत होते, आणि तो हल्ला इंग्रजांच्या डाव्या फळीपुढच्या दलदलीत रुतला. आपल्याच शहरातली लढाई, तीही हरलेली, त्यामुळे दरवर्षी ती जिंकून दाखवायची खुमखुमी असते. नोव्हेंबर गाठायचा म्हणजे फिगरची (या छोट्या सैनिकांची) कापाकापी जूनमध्ये, रंगकाम जुलै-ऑगस्टात आणि व्हार्निश सप्टेंबरच्या आत. थोडक्यात, पुण्यात ज्या चार महिन्यांत पापडसुद्धा कोणी वाळत घालत नाही, त्याच चार महिन्यांत आमचं सगळं काम.

माझी खरी चूक मात्र पावसाची नव्हती. 'पांढरं पडलं' हा एकच आजार आहे असं धरून मी तीन वर्षं प्रत्येक फिगरवर एकच औषध करत होतो: वरून आणखी व्हार्निश. कधी गुण यायचा, कधी आणखी चिघळायचं. चौथ्या वर्षी शांतपणे भिंगाखाली बघितलं तेव्हा कळलं, की माझ्या टेबलावर चार वेगवेगळी पांढरेपणं आहेत, आणि दोन तर एकाच घोडेस्वारावर नांदतायत.

तर काहीही करण्याआधी ही तपासणी करा. बारीक ब्रश साध्या पाण्यात बुडवून सगळ्यात पांढऱ्या जागी एक थेंब टेकवा. ओलं असेपर्यंत खालचा रंग झक्क दिसला आणि वाळल्यावर पुन्हा पांढरं झालं, तर तुमचा रंग शाबूत आहे. पांढरेपणा वरच्या थरातल्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे किंवा कणांमुळे प्रकाश विखुरल्याने दिसतोय. पाणी त्या फटी तात्पुरत्या भरतं म्हणून रंग परत आल्यासारखा वाटतो. हे दिसलं की निम्मी चिंता मिटली, रंग खरवडायला धावू नका. मग पांढरं कुठे आहे ते बघा. सगळीकडे सारखं, धुकं पडल्यासारखं? फक्त खाचांत आणि घड्यांत? सांध्यांभोवती, मानेपाशी, मनगटापाशी? की नखाला खरखर लागतंय? याच्या उत्तरावर पुढचं सगळं.

सगळीकडे धुकं

हा खरा पावसाळी रोग. स्प्रेच्या व्हार्निशमधलं सॉल्व्हंट (ते पातळ ठेवणारा द्रव) झपाट्याने उडतं, आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. हातावर स्पिरिट लावल्यावर गार लागतं तेच इथे होतं. फिगरचा पृष्ठभाग दवबिंदूच्या तापमानाखाली गेला की हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते, ओल्या व्हार्निशमध्ये अडकते, आणि नंतर ती उडून गेली तरी तिच्या जागा तशाच राहतात. तेच ते धुकं.

आकड्यांत बघा म्हणजे पुण्याचा प्रश्न कळेल. खोलीत २६ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २३ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे पृष्ठभाग जेमतेम तीन अंश गार झाला की खेळ खलास, आणि स्प्रे तेवढा गारवा सहज देतो. तेच एप्रिलच्या दुपारी ३५ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १२ अंशांवर, तब्बल २३ अंश खाली. उन्हाळ्यात जो डबा डोळे मिटून मारला तरी चालतो, तोच ऑगस्टमध्ये दगा देतो. डबा तोच, हात तोच.

त्या रविवारी मी वर आणखी एक घोळ घातला होता. आमच्या गॅलरीत स्वयंपाकघराची खिडकी उघडते. मी व्हार्निश मारत होतो तेव्हा आत वरणभाताचा कुकर चौथ्या शिट्टीवर होता आणि ती वाफ थेट बापू गोखल्यांच्या घोडदळावर. दुसऱ्या दिवशी डिजिटल आर्द्रतामापक आणला. काही शे रुपयांची वस्तू, आणि या छंदात मी घेतलेली सगळ्यात उपयोगी. ब्रशवर उधळलेले हजारो रुपये आठवून वाईट वाटलं. गॅलरीत आकडा ८८ वर होता, तोही कुकर बंद असताना. माझा नियम तेव्हापासून असा: ६५ च्या वर स्प्रे हातात घ्यायचा नाही. हवामान खात्याचं शिमला ऑफिस शिवाजीनगरात असलं तरी त्यांचा आकडा आपल्या गॅलरीचा नसतो. आपल्या गॅलरीचा आपणच घ्यायचा.

मग पावसाळ्यात करायचं काय? मला उपाय सापडला तो कसब्यातल्या कुंभारवाड्यात. पुतण्याच्या दिवाळीच्या किल्ल्यासाठी मातीचे मावळे कधी येणार ते विचारायला गेलो होतो. तिथे एक मूर्तिकार गणपती रंगवत बसले होते. हे लोक तर ऐन पावसाळ्यातच रंगवतात, तारीखही आमच्यापेक्षा कडक. मी माझं रडगाणं सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "रंगाच्या आधी बल्ब लावता का नंतर?" मी म्हटलं, नंतर, वाळायला. "मग उपयोग काय? मूर्ती आधी गरम पाहिजे."

घरी येताना डोक्यात ट्यूब पेटली. फिगरच आधी कोमट केली तर सॉल्व्हंटने तीन-चार अंश गार केली तरी ती दवबिंदूच्या वरच राहील! आता मी बुटाच्या खोक्याला वरून भोक पाडून जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब सोडतो (एलईडी लावाल तर उजेड पडेल, ऊब नाही) आणि फिगर खाली वीतभर अंतरावर अर्धा तास ठेवतो. हाताला कोमट लागली पाहिजे, गरम नाही. पातळ भाले आणि तलवारी वाकू शकतात, त्या बल्बच्या थेट खाली नकोत. बल्ब पेटता ठेवून खोक्यापासून लांब जायचं नाही. स्प्रे मारण्याआधी बल्ब बंद, प्लग काढलेला, आणि स्प्रे उघड्यावर. डब्यातला वायू आणि सॉल्व्हंट दोन्ही पेट घेतात, इथे हयगय नको. एक पातळ हात मारायचा आणि लगेच फिगर कोरड्या खोलीत न्यायची. एसी असेल तर ड्राय मोडवर टाकलेली खोली उत्तम, पण स्प्रे त्या बंद खोलीत मारू नका, फुप्फुसं एकच जोडी मिळते.

आणि आधीच धुकं धरलेल्या फिगरचं? सगळ्यात कोरडा दिवस गाठा, ती कोमट करा आणि त्याच जातीच्या स्प्रेचा, शक्यतो ग्लॉसचा (चकचकीत व्हार्निशचा), पातळ हात द्या. नवं सॉल्व्हंट जुना थर थोडा विरघळवतं आणि पोकळ्या बुजतात. माझे २४ पैकी १९ स्वार असे परत माणसांत आले. उरलेल्या पाचांवर पाण्यात विरघळणारं ग्लॉस व्हार्निश ब्रशने लावलं, दोन दिवस वाळू दिलं, मग ब्रशनेच मॅट. आज शेजारी उभे केले तर कोणते पाच ते मलाही सांगता येणार नाही.

तेलाचा उपायही लोक सांगतात: ऑलिव्ह ऑइलचा हात फिरवून जास्तीचं टिपून घ्यायचं. दिसायला चालतो, कारण तेलही फटी भरतं. पण तेलावर पुढचं व्हार्निश नीट धरेल याचा भरवसा नाही, आणि आमचे सैनिक खेळताना दिवसभर हाताळले जातात. प्रदर्शनातल्या कपाटात ठेवायच्या फिगरला एक वेळ ठीक.

खाचांत साय

हा सोपा आहे. मॅट व्हार्निश मॅट दिसतं ते त्यातल्या बारीक सिलिकाच्या पुडीमुळे. ती पुडी डब्याच्या तळाशी बसते. डबा नीट हलवला नाही की सुरुवातीला नुसतं ग्लॉस बाहेर पडतं आणि शेवटी शेवटी पुडीच पुडी, आणि ती जाऊन बसते पगडीच्या घड्यांत. आतली गोळी वाजायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटं घड्याळ लावून हलवा. हात दुखला पाहिजे. गार डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा करा, गॅसजवळ नेण्याचा विचारही नको. पहिला फवारा नेहमी रिकाम्या स्प्रूवर (फिगर कापून घेतल्यावर उरते ती प्लॅस्टिकची चौकट). ब्रशने लावायच्या बाटलीचंही तेच, आणि तिथे दुसरं पथ्य म्हणजे खाचेत डबकं साचू न देणं. साचलंच तर कोरड्या ब्रशच्या टोकाने लगेच उचलून घ्यायचं. वाळून पांढरं झालं असेल तर त्या खाचेत ग्लॉसचा थेंब, वाळल्यावर नीट ढवळलेलं मॅट. बास.

मानेभोवती पांढरं कडं

फिगर कापून जोडणाऱ्यांचा हा खास रोग, आणि मला सगळ्यात जास्त छळलेला. याचा व्हार्निशशी काही संबंध नसतो, पण नाव मात्र व्हार्निशचं येतं, कारण लक्ष जातं ते शेवटी.

आधी आमची कापाकापी सांगतो. मराठा घोडदळाच्या हव्या तशा फिगर हव्या तेवढ्या मिळत नाहीत, म्हणून मी नेपोलियनच्या काळातले युरोपी प्लॅस्टिक घोडेस्वार घेतो. उंच टोपीचं डोकं मानेशी कापायचं, कोटाची बटणं आणि पट्टे सुरीने तासायचे, बुटांच्या कडा कानशीने घासून घोट्यापर्यंत आणायच्या. मेंढीच्या कातड्याचं खोगीर असतं ते तसंच ठेवतो, रंगवल्यावर कोणी विचारत नाही. अंगरख्याचा घेर एम-सीलने होतो: कडक वाळतं, घासता येतं, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतं. पगडीला मात्र एम-सील चालत नाही, लवकर आवळतं आणि घडी ठिसूळ तुटते. तिथे निळ्या-पिवळ्या पट्टीची ग्रीन स्टफ पुट्टीच हवी. तिची शेवयांइतकी बारीक वळी करायची, डोक्याभोवती तिरकी गुंडाळायची, आणि पाण्यात बुडवलेल्या सुईने प्रत्येक वेढ्यावर दोन-तीन तिरक्या रेघा ओढायच्या. पाणी विसरलात तर पुट्टी सुईला चिकटून अख्खी पगडी उचलली जाते. विसरायला होतंच.

मग मानेत आणि डोक्यात हाताच्या ड्रिलने भोक, पितळेची तार, आणि सुपरग्लू. इथेच गोम आहे. सुपरग्लू वाळताना त्याची थोडी वाफ होते. ती वाफ आसपासच्या पृष्ठभागावर बसते, हवेतल्या ओलाव्यामुळे तिथेच घट्ट होते आणि पांढरी पुडी दिसते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बोटांचे ठसे उठवायला हीच युक्ती वापरतात: बंद पेटीत वस्तू ठेवायची, सुपरग्लूची वाफ सोडायची, ठसे पांढरे उमटतात. आणि मी काय करत होतो? धूळ बसू नये म्हणून ताजी जोडलेली डोकी बाकरवडीच्या रिकाम्या, घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवत होतो. घरच्या घरी पोलीस तपास! दुसऱ्या दिवशी प्रत्येक मानेभोवती पांढरी मफलर. काहींच्या पाठीवर माझ्या अंगठ्याचा ठसासुद्धा दिसला असता, भिंग चांगलं असतं तर.

प्रायमरच्या (रंगाखालच्या पहिल्या हाताच्या) आधी हे दिसलं तर काहीच बिघडलेलं नाही, कोरड्या टूथब्रशने घासा आणि वरून प्रायमर मारा. रंगवून झाल्यावर उमटलं असेल तर ब्रशने ग्लॉस, मग मॅट. नाहीच गेलं तर तेवढी मान पुन्हा रंगवा, पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळी गोंद कमी घ्या. टाचणीच्या टोकावर मावेल तेवढा पुरतो, कारण खरा भार तार उचलते. फिगर उघड्यावर, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात ठेवा, रात्र जाऊ द्या, मग हवी तर डब्यात घाला. आणि प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायचं असेल तर सुपरग्लूच्या वाटेला जायचं कशाला? प्लॅस्टिक सिमेंट दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, त्याने हे कडं येत नाही.

नखाला खरखर

गंमत म्हणजे हा पावसाळ्याचा नाही, उन्हाळ्याचा रोग. पावसाळ्याला घाबरून मी एका वर्षी सगळा प्रायमर मे महिन्यातच उरकायचा ठरवला. भर दुपारी गच्चीवर, हातभर अंतरावरून. फवारा फिगरपर्यंत पोचायच्या आतच हवेत सुकत होता आणि वाळूसारखा बसत होता. वर गच्चीवरची धूळ फुकट. पाण्याचा थेंब टाकून याचं काही होत नाही, नख फिरवलं की कळतं. वीस-पंचवीस सेंटीमीटर अंतर ठेवा, सावलीत, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, वारा नसताना. प्रायमरच खरखरीत झाला असेल तर कडक टूथब्रशने बराचसा निघतो. त्यावर रंग चढवून नंतर पस्तावू नका, जेमतेम रंग असलेला कोरडा ब्रश फिरवलात की प्रत्येक कण उठून दिसतो.

अगदीच हाताबाहेर गेलं तर सगळा रंग उतरवणं आलं. प्लॅस्टिकसाठी मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट बोर्ड पुसायला मिळतं तेच. काचेच्या बरणीत काही तास बुडवून टूथब्रशने घासायचं, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. रेझिनच्या फिगर जास्त वेळ ठेवू नका, काही मऊ पडतात, दर अर्ध्या तासाने काढून बघा.

थिनर मात्र नाही. दुसऱ्या वर्षी घाईत मी घरात उरलेलं एनसी थिनर ओतलं, एक घोडा टाकला आणि चहा घेऊन आलो. पॉलिस्टायरीन, म्हणजे या फिगरचं प्लॅस्टिक, थिनरमध्ये विरघळतं हे मला अकरावीच्या रसायनशास्त्रात नक्की शिकवलं असणार. चिमट्याने उचलला तेव्हा चारही पाय शेवेसारखे लोंबत होते आणि स्वाराची बोटं चिमट्यालाच चिकटली होती. टाकून द्यायला जीव होईना, म्हणून पाय कापून तो पोटापर्यंत पुट्टीच्या चिखलात बसवला. खडकीच्या दलदलीचा तुकडा आमच्याकडे असा तयार झाला. दरवर्षी ज्याचं घोडदळ तिथे रुततं त्याच्यापुढे तो घोडा ठेवतात.

मऊ प्लॅस्टिकचे छोटे १/७२ मापाचे (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या भागाएवढे) सैनिक वापरत असाल तर त्यांचा प्रश्न वेगळा. तिथे पांढरी रेघ भाल्यावर किंवा बंदुकीवर दिसते आणि ती बहुतेक वेळा रंग तडकल्याची असते, कारण प्लॅस्टिक वाकतं आणि रंग वाकत नाही. साबणाच्या कोमट पाण्याने आधी धुवा, साच्याचं तेल निघू द्या, आणि रंगाच्या आधी फेविकॉल पातळ करून एक हात द्या.

यंदा मी वेळापत्रकच उलटं केलं. कापाकापी आणि पगड्या जानेवारीतच झाल्या, प्रायमर मार्चमध्ये. रंगकाम पावसात चालू आहे, ब्रशला आर्द्रतेचं वावडं नाही, उलट पॅलेटवरचा रंग जास्त वेळ ओला राहतो. स्प्रेचे डबे कपाटात आहेत आणि व्हार्निश सगळं बाटलीतलं, ब्रशने, दोन पातळ हात. २४ स्वारांना दोन संध्याकाळी लागतात. पहिली संध्याकाळ झाली आहे, आकडा ८३ वर आहे, पगड्या डाळिंबीच आहेत. जरीपटक्याचा स्वार तेवढा राहिलाय, त्याचा ध्वज कागदाचा आहे आणि त्याला हात लावायच्या आधी आईला विचारायचंय, उद्या कुकर किती वाजता लावणार.